फिओर्डलँडचा पाऊस: सह्याद्रीत मुरलेल्या दोघांसाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं पुण्याचे, पन्नाशीच्या आतबाहेरचे, गेली पंधरा वर्षं पावसाळ्यात घाटवाटा तुडवताय. फेब्रुवारीत मुलीकडे ऑकलंडला जाणार आहात आणि तिथून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, फिओर्डलँडमध्ये, मिलफर्ड किंवा केपलर यांपैकी एक ट्रेक करायचा आहे. भेटेल तो तिथल्या पावसाची भीती घालतो. तुमचं म्हणणं, पावसाची आम्हाला सवय आहे. मग तिथे वेगळं काय, सामान काय न्यायचं, आणि पाऊस थांबलाच नाही तर काय करायचं?

जरूर जा. त्या रानासारखं रान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण आधी त्या सवयीबद्दल बोलू, कारण मला काळजी वाटते ती तिचीच.

जुलैत आपण अंधारबनात किंवा ढाकच्या रानात दिवसभर चिंब भिजतो, तेव्हा हवेत चांगली ऊब असते. टी-शर्ट ओला असला तरी पाय चालू आहेत तोवर अंग गरम राहतं. खाली उतरलं की कुणाच्या तरी पडवीत चहा मिळतो आणि रात्री आपण घरच्या अंथरुणात असतो. भिजायलाच तर आपण जातो. फिओर्डलँडमध्ये फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. तरी झाडी संपून उघडी धार सुरू झाली, पाऊस लागला आणि वारा सुटला की पारा पाच-सहा अंशांवर यायला वेळ लागत नाही. वरच्या भागात बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. तिथे भिजलेलं अंग चालता चालता वाळत नाही, तासातासाने गार होत जातं. आणि घर दोन-तीन दिवसांच्या चालीवर असतं. सह्याद्रीत आपण पाऊस अंगावर घेतो. तिथे तो अंगापासून लांब ठेवायचा असतो. हा एवढा फरक मनात पक्का झाला की बाकीची तयारी त्यातूनच सुचत जाते.

पाऊस तिथे इतका का, हे तुम्हाला चटकन कळेल, कारण आपल्याकडे तेच घडतं. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्याला अडतात, महाबळेश्वरला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पायथ्याचं वाई त्या मानाने कोरडं राहतं. तिथे टास्मन समुद्रावरून पश्चिमेचे वारे येतात आणि किनाऱ्यापासूनच उभ्या राहिलेल्या डोंगरांना धडकतात. मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या तिथल्या समुद्राच्या खाडीपाशी, वर्षाला 6,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर डोंगरांच्या अलीकडच्या ते आनाउ गावात 1,200 च्या आसपास. ते आनाउ म्हणजे तिथलं वाई समजा. पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि तिथला बाराही महिने पसरलेला असतो. वर्षातले निम्मे दिवस पावसाचे. त्यामुळे 'पाऊस नसेल तेव्हा जाऊ' असा मुहूर्त तिथे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा त्यातल्या त्यात स्थिर असते, म्हणून तुमची निवड चांगली आहे. यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते: ते आनाउ गावाचा अंदाज पाहून निघू नका. मेटसर्व्हिस ही तिथली हवामान संस्था फिओर्डलँडच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज देते. वाचायचा तो तोच. त्यात पावसाच्या आकड्याआधी वाऱ्याचा वेग आणि बर्फ कुठल्या उंचीपर्यंत उतरणार, हे बघा.

माझ्यासोबत घडलेला एक प्रसंग सांगतो. आम्ही चौघं केपलरवर होतो. पहिली रात्र ल्युक्समोर हटमध्ये (हट म्हणजे वाटेवरचं मुक्कामाचं घर), 1,085 मीटरवर, झाडीच्या वर. दुसऱ्या दिवशीची वाट उघड्या धारेवरून जाते. सकाळी भुरभुर होती आणि दुपारनंतर वारा वाढेल असं रेंजरने आदल्या संध्याकाळी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही चहा-नाश्त्यात रमलो आणि निघायला उशीर केला. चौघांतला एक मित्र शंभराहून जास्त किल्ले पाहिलेला, आमच्यात सगळ्यात काटक. त्याच्या अंगात सुती टी-शर्ट होता, वर पाँचो. सह्याद्रीत तो वर्षानुवर्षं असाच चालला होता. धारेवर वाऱ्याने पाँचो डोक्यावर उलटा होऊ लागला आणि अर्ध्या तासात तो आतून पूर्ण भिजला. आधी त्याचं बोलणं बंद झालं. मग चॉकलेटचं वेष्टण त्याला फाडता येईना. विचारलं तर म्हणाला, "मी बरा आहे, चला," पण शब्द जड, जिभेवर अडकणारे. सुदैवाने फॉरेस्ट बर्न नावाचा आपत्कालीन निवारा जवळच होता. आत नेऊन त्याचे सगळे ओले कपडे काढले, कोरडे घातले, स्लीपिंग बॅगेत घालून दोघं दोन बाजूंनी चिकटून बसलो आणि गरम, गोड पाणी घोटघोट पाजत राहिलो. त्याला पुन्हा हुडहुडी भरायला वीस मिनिटं लागली. हुडहुडी भरली तेव्हा मला हायसं वाटलं, कारण कुडकुडणं म्हणजे शरीर अजून झगडतंय. पुढची धार आणखी उघडी होती, म्हणून वाऱ्याने दम खाल्ल्यावर आम्ही मागे फिरलो आणि ल्युक्समोरला आलो. आदल्या रात्री त्याची सॅक उघडून कपडे बघायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं.

म्हणून तुम्हा दोघांना सांगतो, एकमेकांकडे लक्ष ठेवा. स्वतःचं थंड होणं स्वतःला कळत नाही. ते आधी डोक्यावरच परिणाम करतं. विनाकारण चिडचिड, पाय अडखळणं, हातातून वस्तू सुटणं, बोबडं बोलणं, यांतून ते दिसतं. यातलं काहीही दिसताच थांबा, आडोसा शोधा, कोरडं घाला, खायला द्या. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गरम झालेला नाही, तर तो फार गंभीर अवस्थेत आहे: त्याला चालवू नका, हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. आडवा करून कोरड्यात गुंडाळा आणि मदत मागवा.

कपड्यांचं सूत्र साधं आहे. दोन जोड, त्यांची अदलाबदल नाही. एक चालायचा, एक हटमधला. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर शिवणी आतून पट्टीने बंद केलेलं आणि टोपी घट्ट बसणारं पावसाळी जॅकेट. पाँचो नको, कारण धारेवर तो शिडासारखा वागतो. जीन्स नको, सुती काहीच नको, अंतर्वस्त्रंसुद्धा नाही. लोकरीची टोपी आणि हातमोजे फेब्रुवारीतही लागतात. पावसाळी पँट सॅकच्या तळाशी ठेवू नका. उघड्या भागात शिरण्याआधीच, झाडीत असतानाच चढवा, कारण वर गेल्यावर थांबून पाय घालायला कुणी धजत नाही. हटमध्ये पोचलात की चालायचा जोड काढून टांगा आणि कोरडा घाला. आता अवघड भाग: सकाळी तो गार, ओलसर जोड पुन्हा अंगावर चढवायचा. कोरडे कपडे घालून निघायचा मोह फार होतो. ते भिजले तर पुढच्या रात्रीसाठी आणि अपघातासाठी तुमच्याकडे काहीच उरत नाही. पहिली पाच मिनिटं दातावर दात आपटतात, मग चालण्याने ऊब येते. हा नियम मी कधीही मोडू देत नाही.

सॅकवरच्या रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. वारा ते उडवतो आणि पाठीकडून पाणी आत जातंच. सॅकच्या आत घालायची जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी तिथे ट्रेकच्या दुकानांत सहज मिळते. न्यूझीलंडमधले जुनेजाणते भटके तिच्याशिवाय निघत नाहीत. स्लीपिंग बॅग आणि कोरडा जोड तिच्यात, आणि तोंड पिळून दुमडून आत दाबलेलं. पिसांची स्लीपिंग बॅग असेल तर तिला आणखी एक वेगळी पिशवी, कारण पिसं भिजली की ऊब संपली. बूट मात्र भिजणारच. जलरोधक बूट पहिल्या दिवशी पाणी बाहेर ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापासून आत. पायाला बसलेले, तळ न झिजलेले बूट घ्या, लोकरीचे तीन जोड मोजे घ्या आणि एक जोड फक्त झोपताना.

आता पाण्याबद्दल. आपल्याकडेही ओढे तासाभरात चढतात, ते तुम्ही पाहिलं असेल. फिओर्डलँडमध्ये याचं टोक दिसतं. हिमनद्यांनी कोरलेले उभे कातळ, त्यावर वीतभर माती आणि शेवाळ. त्या मातीत मुरायला जागाच नाही. पडलेलं पाणी थेट खाली. कातळावर झाडं मुळांत मुळं गुंफून उभी असतात आणि जोराच्या पावसात कधीकधी एक झाड सुटलं की अख्खा पट्टा खाली येतो. तुम्ही केपलरवर गेलात तर आयरिस बर्न हटच्या पुढे 1984 च्या पावसात कोसळलेल्या मोठ्या दरडीचा माळ लागतो, तो थांबून बघा. आणि फेब्रुवारी 2020 मध्ये मिलफर्ड साउंडला साठ तासांत 1,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, रूटबर्न ट्रॅकवरच्या हाउडन हटवर रात्री दरड आली, आत ट्रेकर होते, आणि वाटांवर अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. तेही भर हंगामात, तुम्ही जाणार त्याच महिन्यात. घाबरवायला सांगत नाही. 'थांबा' असं रेंजर म्हणाला तर ते कशाच्या आधारावर, हे कळावं म्हणून सांगतोय.

केपलर, मिलफर्ड, रूटबर्न हे तिथल्या ग्रेट वॉक्सपैकी, म्हणजे हंगामात उत्तम राखलेल्या वाटा. मोठ्या ओढ्यांवर पूल आहेत. तरीही मिलफर्डच्या वाटेवर क्लिंटन नदीच्या खोऱ्यात जोराच्या पावसात पाणी वाटेवर येतं, गुडघाभर, कधी त्याहून जास्त. अशा वेळी लोकांना हटमध्ये थांबवतात. वाटेत एखादा ओहोळ फुगलेला दिसला आणि पाणी गढूळ आहे, त्यातून फांद्या वाहताहेत, तळाचे दगड गडगडताना ऐकू येताहेत, किंवा पाणी आपल्या चालण्याच्या वेगापेक्षा जोरात आहे, तर त्यात पाय घालायचा नाही. दोर नाही, साखळी नाही, 'बघू जमतंय का' नाही. चढलेलं पाणी तिथे उतरतंही तेवढ्याच वेगाने, कारण मुरलेलं पाणी मागून यायला काही नसतं. पाऊस ओसरल्यावर काही तासांत, फार तर एका रात्रीत वाट मोकळी होते. थांबणाऱ्याला बहुतेक वेळा अर्धा दिवसच द्यावा लागतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पाऊस थांबला नाही तर तुम्ही थांबायचं, आणि थांबता यावं म्हणून आधीच सोय करून ठेवायची. आपली माणसं अडचणीत सापडतात ती बहुतेक वेळा परतीच्या तिकिटामुळे. शनिवारी ट्रेक संपतो, रविवारी सकाळी क्वीन्सटाउनहून विमान आहे, मग शुक्रवारी वादळात धार ओलांडायलाच हवी, असं गणित डोक्यात सुरू होतं. ट्रेक संपल्यावर किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवा. सॅकमध्ये एका दिवसाचं जास्तीचं जेवण ठेवा. पाऊस नडला नाही तर ते दोन दिवस ते आनाउच्या तळ्याकाठी घालवा, किंवा मिलफर्ड साउंडची बोट करा. वाया जात नाहीत. विमा घेताना अनेक दिवसांचा ट्रेक आणि खोळंबलेला प्रवास त्यात धरलेला आहे का, ते वाचून घ्या. न्यूझीलंडमध्ये अपघातात दुखापत झाली तर पाहुण्यांच्याही उपचारांना तिथली सरकारी योजना हातभार लावते, पण आजारपण आणि हुकलेली विमानं त्यात येत नाहीत.

दोन्हींपैकी कुठला? तुम्हाला मी केपलर सुचवेन. मिलफर्ड 53.5 किलोमीटरचा, चार दिवस तीन रात्री, एकाच दिशेने आणि हंगामात ठरलेल्या हटमध्ये ठरलेल्या रात्रीच राहायचं. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांना रोज चाळीसच जागा, आणि नोंदणी उघडली की त्या मिनिटांत संपतात. शेवटाला बोट पकडावी लागते. पहिल्या भेटीत हवामानाशी जुळवून घ्यायला ही चौकट जरा घट्ट आहे. केपलर 60 किलोमीटरची फेरी, ते आनाउमधूनच सुरू होऊन तिथेच संपणारी. बस-बोटीचं वेळापत्रक मानगुटीवर नाही आणि रेनबो रीचपाशी लवकर बाहेर पडता येतं. पहिल्या दिवशी ल्युक्समोरपर्यंत सुमारे 14 किलोमीटर चाल, बहुतेक बीच नावाच्या झाडांच्या रानातून. ही बीच आपल्या ओळखीची नाही, पण शेवाळाने लगडलेली खोडं पाहून भीमाशंकरची आठवण येईल. दुसऱ्या दिवशीची धार हाच काय तो कळीचा दिवस. तिच्यावर दोन आपत्कालीन निवारे आहेत, फॉरेस्ट बर्न आणि हँगिंग व्हॅली. त्या दिवशी पहाटे निघा. पुढे आयरिस बर्न आणि मग मानापूरी तळ्याकाठचं मोटुराउ, सगळं झाडीतलं. तिथे पाऊस लागला तरी सोसतो. केपलरची नोंदणीही आगाऊच लागते आणि परदेशी पाहुण्यांना दर जास्त असतो, तेव्हा मुलीला नोंदणी उघडण्याची तारीख आजच बघून ठेवायला सांगा.

हटमध्ये हंगामात गाद्या, शेगडीला गॅस, शेकोटी आणि रेंजर असतो. भांडी, स्लीपिंग बॅग आणि जेवण तुमचं. संध्याकाळी रेंजर सगळ्यांना जमवून दुसऱ्या दिवसाची हवा सांगतो. त्या बोलण्याला दोघंही बसा, आणि शंका असेल तर नंतर जाऊन विचारा: "तुम्ही उद्या किती वाजता निघाल?" हा प्रश्न मी दरवेळी विचारतो आणि मला दरवेळी नेमकं उत्तर मिळालं आहे. हंगामाबाहेर, म्हणजे मे ते ऑक्टोबर, गॅस नसतो, रेंजर नसतो, हिमकडे कोसळायचा धोका असतो. तेव्हाचा विचारही करू नका.

खाण्याचं सामान इथून नेऊ नका. न्यूझीलंडला बाहेरची माती, बिया आणि कीड देशात येऊ द्यायची नाही आणि ते योग्यच आहे. मध तर चालतच नाही, तुपा-दुधाच्या पदार्थांची कटकट होते. अन्नाचा कणही असेल तर जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. वापरलेले बूट, तंबू, काठ्या हेही जाहीर करायचं असतं. बुटांच्या तळाच्या खाचांतली राजमाचीची तांबडी माती जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा, लेस सोडून जीभही धुवा, वाळवा, मगच भरा. किराणा ते आनाउच्या किंवा क्वीन्सटाउनच्या सुपरमार्केटात घ्या. शाकाहारी असाल तरी अडचण नाही: ओट्स, कुसकुस, नूडल्स, मसुराची डाळ, शेंगदाण्याचं लोणी, पोळीसारखे रॅप, सुकामेवा. मसूर सकाळी डब्यात भिजत घातली की संध्याकाळी झटकन शिजते. धारेच्या दिवशी दुपारच्या जेवणाला बसायला जागा मिळेलच असं नाही, म्हणून खिशातून थोडं थोडं खात राहा. ओल्या गारठ्यात पोट रिकामं ठेवलं तर थंडी लवकर शिरते.

वाटेवर फोनला रेंज नाही. पर्सनल लोकेटर बीकन नावाचं, संकटात उपग्रहामार्फत मदत मागवणारं तळहाताएवढं यंत्र ते आनाउमध्ये भाड्याने मिळतं. ते घ्या आणि सॅकमध्ये नाही, अंगावर बाळगा. जाण्याआधी मुलीकडे दिवसवार बेत आणि 'या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कळव' अशी नेमकी तारीख लिहून द्या. ती तारीख ठरवतानाही थांबण्याचा एक दिवस धरा, नाहीतर तुम्ही हटमध्ये डाळ शिजवत असाल आणि तिकडे शोध सुरू होईल.

सँडफ्लाय या बारीक चावऱ्या माश्या पाऊस थांबला की येतात. मलम तिथलंच घ्या, लांब बाह्या घाला आणि चालत राहा. किया हा डोंगरी पोपट बूट कुरतडतो, ते रात्री आत ठेवा.

आणि पाऊस पडला तर हळहळू नका. माझ्या आठवणीतली फिओर्डलँडची सर्वांत सुंदर सकाळ आयरिस बर्नची आहे. रात्रभर पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. उजाडलं तेव्हा काल कोरड्या असलेल्या कड्यांवरून इतके पांढरे धबधबे उतरत होते की मोजणं सोडून दिलं. आदल्या दिवशीच्या उन्हात त्यातला एकही नव्हता. आम्ही दहा वाजेपर्यंत हटमध्ये थांबलो, ओढ्याचं पाणी उतरताना पाहिलं, मग ओले मोजे पिळून पायात घातले आणि निघालो.